वाचक विचारतात : बैठी अळी आणि फिरस्ती अळी

गेल्या अंकात चिलटांच्या जीवनक्रमाविषयी लिहिताना मी ओघात असे लिहून गेलो होतो की, एकाच केळ्याच्या सालीवर वाढणाऱ्या अळ्यांमध्येही अन्न शोधण्याच्या पद्धतीत जन्मजात फरक असतो. त्या वाक्यावर रावेरपासून शहाद्यापर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली. त्यांतील सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. ते सगळे एकाच विषयाभोवती फिरत असल्यामुळे एका उत्तरातील धागा पुढच्या उत्तरात आला आहे, म्हणून शक्यतो क्रमाने वाचावे.

प्रश्न : आमचे केळी पिकवण्याचे केंद्र आहे. डागी फण्या आम्ही वेगळ्या कॅरेटमध्ये काढून ठेवतो. दोन-चार दिवसांत त्यांवर चिलटे जमतात आणि सालीत बारीक पांढऱ्या अळ्या दिसू लागतात. काही अळ्या गरात तोंड खुपसून एका जागी असतात, तर काही कॅरेटच्या भिंतीवर चढून भटकत असतात. आपण म्हणता तो जन्मजात फरक हाच का? (केळी व्यावसायिक, रावेर)

आपले निरीक्षण अचूक आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. आणि हा घोटाळा प्राणिशास्त्राचे विद्यार्थीही करतात, म्हणून तो आधी सोडवू.

पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडे शेतकरी ज्याला फळमाशी म्हणतात, ती आंब्याला, पेरूला आणि काकडीवर्गीय पिकांना डंख मारून आत अंडी घालणारी मोठी माशी आहे. पिकलेल्या, आंबू लागलेल्या केळ्यांवर घोंघावणारे तांबड्या डोळ्यांचे चिलट हे वेगळ्या कुळातले असून त्याचे शास्त्रीय नाव ड्रोसोफिला आहे. पाठ्यपुस्तकांत त्यालाही फळमाशीच म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. या उत्तरांत मी चिलट हाच शब्द वापरतो. चिलटाची अळी प्रत्यक्षात केळ्याचा गर खाते त्यापेक्षा गरावर वाढलेले यीस्ट अधिक आवडीने खाते.

दुसरी गोष्ट भिंतीवर चढणाऱ्या अळ्यांची. पोटभर वाढ झालेली अळी कोष करण्यापूर्वी ओल्या अन्नातून बाहेर पडते आणि कोरडी जागा शोधत वर चढते. ती अन्नाच्या शोधात नसते. तिचे खाणे संपलेले असते. आपल्या कॅरेटमध्ये निरनिराळ्या दिवशी घातलेल्या अंड्यांच्या अळ्या एकत्र असतात, म्हणून काही खाताना आणि काही चढताना दिसतात. हा वयाचा फरक आहे, स्वभावाचा नव्हे.

स्वभावाचा फरक पाहायचा तर एकाच वयाच्या, अजून भूक शिल्लक असलेल्या अळ्या घ्याव्या लागतात. कॅनडातील टोरांटो येथे मार्ला सोकोलोव्स्की यांनी विद्यार्थिदशेत नेमके हेच केले आणि १९८० साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ताटलीत यीस्टचा पातळ लेप द्यायचा, त्यावर एक अळी सोडायची आणि पाच मिनिटे थांबायचे. अळी तोंडातील दोन काळ्या आकड्या पुढे रोवते, लेप खरवडते, अंग आखडून पुढे सरकते आणि पुन्हा खरवडते. ती जिथून गेली तिथे लेपात ओरखड्यासारखी एक वाट उमटते. पाच मिनिटांनी त्या वाटेची लांबी मोजली की काम झाले. काही अळ्यांची वाट ताटलीभर वळणे घेत लांबच लांब जाते; काहींची वाट जिथे सुरू होते तिथेच गुंडाळल्यासारखी संपते. पहिल्यांना आपण फिरस्त्या आणि दुसऱ्यांना बैठ्या म्हणू.

यात एक खुबी आहे. ताटलीत यीस्ट नसेल तर दोन्ही प्रकारच्या अळ्या सारख्याच चालतात. म्हणजे बैठी अळी आळशी नाही, तिच्या अंगात चालण्याचे बळ कमी नाही आणि ती आजारीही नाही. अन्न समोर असताना त्याच ढिगावर बसायचे की पुढचा ढीग पाहायचा, एवढाच दोघींत फरक आहे.

हा फरक आईवडिलांकडून येतो का, याची परीक्षा संकराने झाली. फिरस्त्या आणि बैठ्या वाणांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील अळ्या फिरस्त्या निघाल्या आणि पुढच्या पिढीत दोन्ही प्रकार सुमारे तीनास एक या प्रमाणात दिसले. मेंडेलच्या वाटाण्यांचे हे प्रमाण शाळेत शिकलेल्यांना लगेच ओळखू येईल. वर्तनासारख्या गुंतागुंतीच्या गोष्टीत, तेही प्रयोगशाळेत मुद्दाम बिघडवलेल्या नव्हे तर बागेतून पकडलेल्या चिलटांत, इतका स्वच्छ हिशेब मिळावा हे त्या काळी अनेकांना खरे वाटले नव्हते. त्या जनुकाला ‘फोरेजिंग’, म्हणजे अन्नशोध, असेच नाव मिळाले. ते चिलटाच्या दुसऱ्या गुणसूत्रावर आहे.

त्या जनुकातून काय तयार होते, हे १९९७ मध्ये कळले. ते पीकेजी नावाचे एक विकर आहे, जे पेशीत सीजीएमपी या निरोप्या रेणूचा इशारा मिळाला की इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा तुकडा चढवते आणि त्यांचे काम चालू किंवा बंद करते. फिरस्त्या अळ्यांत या विकराची क्रियाशीलता बैठ्यांपेक्षा थोडीशीच जास्त असते. बैठ्या वाणात या जनुकाची जादा प्रत घातली, तेव्हा त्या अळ्यांची वाट फिरस्त्यांइतकी लांबली. म्हणजे जनुक आणि वर्तन केवळ जोडीने आढळतात असे नसून एकामुळे दुसरे घडते, हे सिद्ध झाले. आपल्या भागातील वाचकांना ठिबकचा दाखला पुरेसा होईल : मुख्य व्हॉल्व्हची चावी अर्धा आटा फिरवली तरी शेवटच्या ओळीतल्या झाडाला पडणाऱ्या थेंबांत फरक पडतो, नळ्या मात्र त्याच राहतात.

प्रश्न : नैसर्गिक निवडीत जो प्रकार सरस तो टिकतो आणि दुसरा नाहीसा होतो, असे आम्ही शिकलो. मग बागेत दोन्ही प्रकारची चिलटे अजून कशी? (पदवीचा विद्यार्थी, धुळे)

या विषयातील सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तरही लांबणार.

टोरांटोजवळच्या फळबागेतील चिलटांत सुमारे ७० टक्के फिरस्ती आणि ३० टक्के बैठी असे प्रमाण आढळले होते. तीस टक्के हा आकडा कुठल्याशा बिघाडाचा नसतो. घातक बिघाड असता तर तो दुर्मिळ राहिला असता. म्हणजे बैठेपणाचाही कुठेतरी फायदा असला पाहिजे. आपण ‘सरस’ हा शब्द वापरला आहे. तिथेच थांबून विचारले पाहिजे की सरस कुठे, किती गर्दीत आणि कोणाच्या तुलनेत?

गर्दीचा प्रयोग सोकोलोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच मांडला. काही बाटल्यांत चिलटे कित्येक पिढ्या दाटीवाटीने वाढवली आणि काहींत विरळ ठेवली. दाटीच्या बाटल्यांत फिरस्ता प्रकार वाढत गेला, विरळ बाटल्यांत बैठा. कारण उघड आहे. ढीग मोठा आणि तोंडे थोडी असतील तर हिंडण्यात शक्ती घालवणारी अळी तोट्यात राहते; पण ढिगावर शंभर तोंडे लागली की तिथेच बसून राहणारीच्या वाट्याला यीस्ट उरत नाही आणि स्वतःच्याच विष्ठेत लडबडून राहावे लागते. आपल्या भागात दोन पाऊस झाले नाहीत की काही घरे गावातच रोजगार पाहतात आणि काही ऊसतोडीला किंवा सुरतेला जातात. कोणाचे बरोबर ठरले हे त्या वर्षीच्या पावसावर आणि तिकडे किती जण गेले यावर ठरते. माणसांचा निर्णय विचाराचा असतो आणि अळीचा नसतो हे मान्य, पण हिशेबाचा सांगाडा सारखाच आहे.

‘किती जण गेले’ या शब्दांवर पुढचा प्रयोग उभा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दोन्ही प्रकारच्या अळ्या निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून, अन्न तुटपुंजे ठेवून वाढवल्या गेल्या. जो प्रकार अल्पसंख्य होता, तो अधिक तगला. फिरस्त्या थोड्या असताना फिरस्त्यांचे फावले, बैठ्या थोड्या असताना बैठ्यांचे. अन्न मुबलक असताना हा परिणाम दिसला नाही. अशा निवडीत कोणताच प्रकार दुसऱ्याला संपवू शकत नाही, कारण तो जसजसा वाढतो तसतसा त्याचा फायदा आटत जातो. नैसर्गिक निवड विविधता खाऊन टाकते असे आपण गृहीत धरतो. इथे तीच निवड विविधता राखून ठेवते.

शत्रूंचाही यात वाटा आहे. चिलटाच्या अळीत अंडी घालणाऱ्या अगदी बारीक परजीवी गांधीलमाश्या असतात. त्यांतल्या काही जाती अळीच्या हालचालीने होणाऱ्या कंपनांवरून तिचा माग काढतात. अशा माश्यांपुढे सतत हलणारी फिरस्ती अळी आधी सापडते. काही जाती गरात नळी खुपसत शोधतात, त्यांच्या बाबतीत गणित वेगळे होते.

शिवाय एकच जनुक एकच काम करत नाही. प्रौढ चिलटांना वासाशी जोडलेली गोष्ट शिकवली तर फिरस्त्यांची अल्पकाळची स्मृती अधिक चांगली आणि बैठ्यांची दीर्घकाळची स्मृती अधिक चांगली आढळते. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्याला कालचे लवकर विसरणे सोयीचे असावे, असा अर्थ लावण्याचा मोह होतो. तो मोह म्हणूनच नोंदवतो. अधिक तापमानात मज्जातंतूंचे काम टिकवण्यात बैठे वाण सरस आढळले आहेत. हे वाचून भुसावळच्या मे महिन्यात फक्त बैठी चिलटे उरतात असे कोणी म्हणू नये, कारण तो प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे; पण चावी एक आणि तिच्यावर लागणाऱ्या ओळी अनेक, हे त्यातून दिसते. अशा जनुकाचे ‘सर्वोत्तम रूप’ असे काही असूच शकत नाही.

प्रश्न : म्हणजे बैठी ती जन्मभर बैठी आणि फिरस्ती ती जन्मभर फिरस्ती असे समजायचे का? (गृहिणी, अमळनेर)

तसे नाही. फिरस्त्या अळ्यांना काही काळ उपाशी ठेवून मग यीस्टवर सोडले, तर त्या बैठ्यांसारख्याच एका जागी बसून अधाशीपणे खातात. पोट भरलेले असताना बैठी अळी फिरस्तीपेक्षा अधिक खाते. फिरस्ती खाते कमी, पण खाल्लेल्यातली साखर अंगी लावण्यात अधिक तरबेज असते. भूक लागली की खाण्यातला हा फरक मिटतो. जनुकाने दिलेला कल आणि त्या घटकेची परिस्थिती यांतून वर्तन घडते. ‘अमुक गोष्टीचे जनुक सापडले’ अशा वर्तमानपत्री मथळ्यांत या दुसऱ्या अर्ध्या भागाला जागा मिळत नाही, याची मला फार दिवसांची चीड आहे.

प्रश्न : आम्ही कांद्याचे उळे तयार करतो. गोंडे फुलले की मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतो. एकाच पेटीतल्या काही माश्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन येतात, काही मोकळ्या पायांनी येतात. हे वाटून दिलेले काम आहे की यातही जन्माचा भाग आहे? (कांदा बीजोत्पादक, साक्री)

दोन्ही आहे, आणि आधी वयाचा भाग सांगतो. मोकळ्या पायांनी आलेली माशी रिकामी नसते. तिच्या पोटातल्या पिशवीत मकरंद किंवा पाणी असते. कामकरी माशी पहिले दोन-तीन आठवडे पेटीतच राहून अळ्या भरवते, पोळे बांधते आणि त्यानंतर बाहेर पडू लागते. चिलटातले जे अन्नशोधाचे जनुक आपण वर पाहिले, तेच मधमाशीतही आहे, आणि घरातल्या माशीपेक्षा बाहेर जाणाऱ्या माशीच्या मेंदूत ते अधिक जोराने काम करते, असे २००२ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय येथील संशोधकांनी दाखवले. हे केवळ वय वाढल्यामुळे होत असेल अशी शंका त्यांनाही होतीच. म्हणून त्यांनी सगळ्या सारख्या वयाच्या कोवळ्या माश्यांचीच वसाहत केली. अशा वसाहतीत म्हाताऱ्या माश्या नसल्याने काही कोवळ्या माश्यांना अवेळीच बाहेर पडावे लागते. आणि त्यांच्यातही जनुकाचे काम वाढलेले आढळले. पुढे सीजीएमपीसारखा पदार्थ देऊन पीकेजी विकराला चालना दिली, तेव्हा माश्या वेळेआधीच बाहेर पडू लागल्या. चिलटात दोन जीवांमध्ये जो कायमचा फरक आहे, तो मधमाशीत एकाच जीवाच्या आयुष्यातल्या दोन टप्प्यांत दिसतो.

आता पराग की मकरंद, हा आपला खरा प्रश्न. राणी एकदोन नव्हे तर दहा-बारा किंवा त्याहून अधिक नरांशी संग करते आणि त्या सर्वांचे बीज साठवून ठेवते. म्हणून एका पेटीतल्या माश्या आईच्या बाजूने सख्ख्या, पण बापाच्या बाजूने अनेक घराण्यांच्या असतात. या घराण्यांचा वेगवेगळा हिशेब ठेवला असता काही घराण्यांच्या मुली परागाकडे आणि काहींच्या मकरंदाकडे अधिक वळतात, असे १९८० च्या दशकातच दिसून आले होते. मधमाश्यांचे अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट पेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे पराग भरपूर साठवणाऱ्या आणि कमी साठवणाऱ्या वसाहतींची निवड करून दोन वाण पैदा केले. थोड्याच पिढ्यांत दोघांच्या पोळ्यांतील परागसाठ्यात मोठी तफावत पडली.

हा कल माशीच्या जिभेत असतो, असे म्हणायला हरकत नाही. माशीला बारीक नळीत अडकवून तिच्या स्पर्शिकेला साखरपाण्याचा थेंब लावला की, गोडी पुरेशी वाटल्यास ती सोंड बाहेर काढते. परागाकडे वळणाऱ्या माश्या अगदी फिक्या साखरपाण्यालाही सोंड काढतात. मकरंदवाल्यांना गोडी अधिक लागते. जिला पाणचट रसही गोड लागतो, तिच्या दृष्टीने घट्ट मकरंद शोधत हिंडण्याचे कारण कमी होते.

आपल्या व्यवहारासाठी यातून एक गोष्ट निघते. केळीला फळ धरण्यासाठी माशी लागत नाही, त्यामुळे आपल्या पट्ट्यात पेट्या ठेवण्याची सवय कमी आहे. पण कांद्याचे बी, टरबूज, काकडी ही पिके माशीवाचून अडतात. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असल्यामुळे माश्यांना तो फारसा रुचत नाही आणि शेजारी मोहरी किंवा दुसरे काही फुललेले असेल तर त्या तिकडे निघून जातात. म्हणून पेट्या आणताना केवळ संख्या मोजू नका. सकाळी पेटीच्या तोंडाशी दहा मिनिटे बसून किती माश्या गोळ्या घेऊन येतात ते पाहा, आणि मग गोंड्यांवर जाऊन तिथे किती बसल्या आहेत ते मोजा.

प्रश्न : खळ्याच्या कडेने मुंग्या ज्वारीचे दाणे ओढून नेतात. काही वारुळांच्या मुंग्या भर उन्हातही चालू असतात, काही लवकर बंद होतात. मुंग्यांतही तेच जनुक काम करते का? (शिक्षक, शहादा)

जनुक तेच आहे, दिशा मात्र उलटी निघाली. अमेरिकेच्या वाळवंटी भागातील दाणे वेचणाऱ्या तांबड्या मुंग्यांत, बाहेर जाणाऱ्या मुंग्यांपेक्षा वारुळात काम करणाऱ्या मुंग्यांमध्ये हे जनुक अधिक काम करते. भूमध्य समुद्राकाठच्या एका जातीत पीकेजी विकर वाढवले असता मुंग्यांचे अन्न गोळा करणे कमी झाले आणि वारुळाचे रक्षण करणे वाढले. मधमाशीत जे बाहेर ढकलते ते मुंगीत आत ओढते. त्यामुळे ‘हे भटकण्याचे जनुक आहे’ असे म्हणणे चुकीचे ठरते. ते अन्नाच्या व्यवहाराशी जोडलेले आहे एवढेच खरे, आणि प्रत्येक वंशाने त्याची तार आपापल्या परीने जोडून घेतली आहे.

उन्हाबद्दलचे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे. मुंग्यांच्या अमेरिकी अभ्यासक डेबोरा गॉर्डन यांनी त्याच तांबड्या मुंग्यांची वारुळे १९८५ पासून दरवर्षी मोजली आहेत. त्या वारुळांत राणी वीस-तीस वर्षे जगते. कोरड्या, तापलेल्या दिवशी बाहेर पडले तर मुंगीच्या अंगातले पाणी जाते. आणि मुंग्यांना पाणी दाण्यांतूनच मिळत असल्याने ते मिळवण्यासाठीही पाणीच खर्चावे लागते. काही वारुळे अशा दिवशी कामगार कमी पाठवतात, काही पाठवतच राहतात. २०१३ मध्ये त्यांनी दाखवले की दुष्काळी वर्षांत हात आखडता घेणाऱ्या वारुळांना लेकी-वारुळे अधिक झाली, आणि कोणत्या दिवशी काम बंद ठेवायचे याबाबत लेकीचे वारूळ आईच्या वारुळासारखे वागते. आपण खळ्याजवळच्या चार वारुळांना नंबर देऊन महिनाभर दुपारी बाराला डोकावलात, तर हीच विविधता आपल्याही वहीत उतरेल.

प्रश्न : स्वयंपाकघरात झुरळांसाठी जेल लावते. पहिले वर्षभर उत्तम गुण आला. आता झुरळे जेलच्या जवळ जातात आणि वळून निघून जातात. ती शिकली आहेत का? (गृहिणी, जळगाव)

शिकली असतीलही, पण याहून चांगले स्पष्टीकरण उपलब्ध आहे आणि ते आजच्या विषयातच बसते. जेलमध्ये विषाबरोबर गोडी घातलेली असते आणि ती बहुधा ग्लुकोजची असते. अमेरिकेत अशा आमिषांचा वापर वाढल्यानंतर काही ठिकाणची लहान, तपकिरी, जर्मन म्हणून ओळखली जाणारी झुरळे आमिषाला तोंड लावेनाशी झाली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की त्यांना विषाचा नव्हे, ग्लुकोजचाच तिटकारा होता, आणि तो पिल्लांत उतरत होता. ज्यांनी जेल कधी पाहिलेलेच नाही, अशी पिल्लेही ग्लुकोज टाळत होती. फ्रुक्टोज मात्र खात होती. हे शिकणे नव्हे. ज्या थोड्या झुरळांत आधीपासून हा तिटकारा होता ती वाचली, त्यांची प्रजा वाढली, आणि सर्वसाधारण गोडखाऊ झुरळे आपल्या जेलने मारली गेली.

२०१३ मध्ये त्याचे कारण कळले. झुरळाच्या तोंडाजवळच्या केसांत गोड आणि कडू ओळखणाऱ्या वेगवेगळ्या चेतापेशी असतात. या झुरळांत ग्लुकोजने कडू ओळखणारी पेशीही चेतवली जाते. म्हणजे आपण लावलेली साखर त्यांना कारल्यासारखी लागते.

याची किंमतही त्यांना मोजावी लागते. ग्लुकोजयुक्त अन्नच मिळत असेल तर त्यांची वाढ मंदावते. शिवाय नर मीलनापूर्वी पाठीवरच्या ग्रंथीतून मादीला गोड स्राव चाटायला देतो. मादीच्या लाळेने त्यातील काही साखरेचे ग्लुकोज होते आणि ग्लुकोज न आवडणारी मादी तोंड वाईट करून निघून जाते. काही नरांत स्रावाचे घटक बदललेले आढळले आहेत. झुरळांच्या संसारातही जेलमुळे उलथापालथ व्हावी, हे मला तरी गमतीचे वाटते.

आपल्या घरातील झुरळांत हेच झाले आहे असे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण तपासणे सोपे आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ग्लुकोजच्या पुडीचा ओला ठिपका आणि मधाचा ठिपका असे शेजारी शेजारी ठेवू नका, कारण मधातही ग्लुकोज असते. त्याऐवजी ग्लुकोजचा ठिपका आणि शेंगदाण्याच्या कुटाचा ठिपका रात्री ओट्याखाली ठेवून बघा. कुटावर गर्दी आणि ग्लुकोज अस्पर्श राहिले, तर दुसऱ्या गोडीचे किंवा वेगळ्या घटकांचे आमिष घ्या. आणि रात्री भांडी खरकटी ठेवू नका. भुकेल्या झुरळाची निवड बदलते, जशी फिरस्त्या अळीची बदलते.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या विद्यार्थ्यांना बैठ्या आणि फिरस्त्या अळ्यांचा प्रयोग करायचा आहे. तो शाळेत होऊ शकेल का? (माध्यमिक शिक्षिका, चोपडा)

होऊ शकेल आणि फारसा खर्चही नाही, मात्र तो घाईने केला तर पहिल्या प्रश्नातला वयाचा घोटाळा होईल.

पिकलेल्या केळ्याचा तुकडा बरणीत ठेवून चिलटे पकडा. त्यांतल्या माद्या एकेक करून वेगवेगळ्या लहान बाटल्यांत सोडा. बाटलीत कुस्करलेले केळे, चिमूटभर बेकरीचे यीस्ट आणि तोंडाला कापसाचा बोळा पुरे. बाहेरून आलेली मादी बहुधा आधीच नराला भेटलेली असते, त्यामुळे नर घालण्याची गरज नसते. प्रत्येक बाटली म्हणजे एका आईची प्रजा. हे महत्त्वाचे आहे, कारण बाटलीगणिक फरक आढळला तरच त्यात आनुवंशिकतेचा वाटा असल्याचे म्हणता येईल. सगळ्या अळ्या एकत्र केल्या तर फक्त ‘काही जास्त चालल्या, काही कमी’ एवढेच कळेल. बाटल्यांतले अन्न आणि अळ्यांची गर्दी सारखी ठेवा. आईला एका बाटलीत दिवसभरच अंडी घालू देऊन पुढच्या बाटलीत हलवा, म्हणजे अळ्या एका वयाच्या मिळतील.

चौथ्या दिवसाच्या सुमारास अळ्या तीनेक मिलिमीटरच्या होतात आणि अजून खात असतात. त्यांना ओल्या कुंचल्याने उचलून पाण्यात धुवा. काळ्या प्लॅस्टिकच्या ताटलीवर यीस्टची पाण्यात कालवलेली पातळ पेस्ट एकसारखी पसरा, मधोमध अळी ठेवा आणि वर पारदर्शक झाकण ठेवून पाच मिनिटे तिच्यामागोमाग झाकणावर मार्करने रेघ ओढत राहा. मग रेघेवर दोरा लावून त्याची लांबी पट्टीवर मोजा. एका बाटलीतल्या वीसपंचवीस अळ्या तरी मोजाव्यात. मोजणाऱ्या मुलीला अळी कोणत्या बाटलीतली आहे हे सांगू नये. यीस्टशिवाय नुसत्या ओल्या ताटलीवरही मोजणी करा; तिथे बाटल्यांमधला फरक नाहीसा झाला तर प्रयोग नीट झाला असे समजा.

आपल्याकडे केळ्यांवर ड्रोसोफिलाच्या अनेक जाती येतात आणि टोरांटोचा अभ्यास त्यांतल्या मेलॅनोगास्टर या एका जातीवरचा आहे. त्या जातीच्या नराच्या पोटाचे टोक काळेभोर असते. प्रजेतल्या नरांवरून भिंगाने जातीचा अंदाज येतो, पण काही जवळच्या जातींतही हीच खूण असते. दोन जातींच्या बाटल्या एकमेकींशी ताडून बघू नयेत. दोन स्वच्छ गट पडतील अशी अपेक्षाही मुलांना ठेवू देऊ नका. आकडे एकमेकांत मिसळलेलेच येतील आणि ते तसेच तक्त्यावर लावावेत. प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करा, कारण उन्हाळ्यातल्या वर्गखोलीत बाटल्यांतली चिलटे जगत नाहीत. काम झाल्यावर बाटल्या उघडण्यापूर्वी एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवा. नाहीतर पोषण आहाराच्या खोलीत चिलटांची वस्ती होईल आणि पुढच्या वर्षी मुख्याध्यापक प्रयोगाला परवानगी देणार नाहीत.